साथरोगशास्त्राचे प्रवेशद्वार : एका डॉक्टरपदवीच्या पात्रतेचा इतिहास

एखाद्या विद्याशाखेचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः तिच्यातील शोधांचा, ग्रंथांचा आणि थोर आचार्यांचा मागोवा घेतो. त्या शाखेत प्रवेश कोणाला मिळाला, कोणाला नाकारला गेला आणि प्रवेश मागणाऱ्याने काय सिद्ध करून दाखवावे अशी अपेक्षा होती, या प्रश्नांकडे मात्र दुर्लक्ष होते. वस्तुतः विद्यापीठाचा प्रवेश-अर्ज हाही इतिहासाचा एक दस्तऐवजच होय. त्यातील प्रत्येक रकाना म्हणजे त्या शास्त्राने स्वतःविषयी केलेले एक विधान असते. प्रस्तुत लेखात साथरोगशास्त्राच्या डॉक्टरपदवीच्या प्रवेशाचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील कोविडचे पहिले रुग्ण पुण्यात आढळले. त्यानंतर या शास्त्राचे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले आणि ते शिकण्याची इच्छा बाळगणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहिला : हे शास्त्र केवळ वैद्यांचे आहे काय? गणित, भूगोल, समाजशास्त्र अथवा इतिहास यांच्या पदवीधराने येथे अर्ज करणे म्हणजे अनधिकार चेष्टा ठरते काय? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात शोधू गेल्यास असे दिसते की, हे शास्त्र ज्यांनी उभारले त्यांपैकी अनेकांना त्याच्या पुढील काळातील प्रवेश-नियमांची पूर्तता करता आली नसती.

१. द्वार नव्हते तेव्हा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या विषयाची पदवी नव्हती, विभाग नव्हता, आणि म्हणून अर्जही नव्हता. प्रसंग ओढवे आणि प्रसंगाबरोबर अभ्यासक निर्माण होई. १८४६ साली फॅरो बेटांवर गोवराची साथ आली तेव्हा डेन्मार्कच्या सरकारने पीटर लुडविग पानुम या पंचवीस वर्षांच्या नवशिक्या वैद्याला तेथे पाठविले. त्याने गावोगाव फिरून कोण कोणाच्या संपर्कात केव्हा आला याच्या नोंदी घेतल्या आणि संसर्गापासून पुरळ उठेपर्यंत जाणारा काळ निश्चित केला. १८५० मध्ये लंडन येथे या विषयाला वाहिलेली संस्था स्थापन झाली. परंतु ती अभ्यासकांची मंडळी होती, विद्यालय नव्हे.

१८५४ सालच्या लंडनमधील पटकीच्या साथीचे संशोधन जॉन स्नो यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. स्नो वैद्य होते हे खरे. तथापि त्यांच्या कार्याला पूर्णता आणण्यात हेन्री व्हाइटहेड या धर्मोपदेशकाचा मोठा वाटा होता. ब्रॉड स्ट्रीटच्या परिसरातील कुटुंबे त्याच्या परिचयाची होती. प्रारंभी स्नो यांचे मत खोडून काढण्याच्या हेतूने तो चौकशी करू लागला आणि त्याच चौकशीतून त्या साथीतील पहिल्या बालरुग्णापर्यंत जाऊन पोहोचला. ज्या मृत्युनोंदींवर स्नो यांनी आपली तुलना उभी केली त्या नोंदींची व्यवस्था विल्यम फार यांनी लावली होती. फार यांनी वैद्यकाची परवाना-परीक्षा दिलेली होती, परंतु त्यांची खरी कर्मभूमी म्हणजे जन्ममृत्यु-नोंदणीचे सरकारी कार्यालय. वैद्य, धर्मोपदेशक आणि नोंदणी-कार्यालयातील संख्यातज्ज्ञ, अशा तिघांच्या कामांतून या शास्त्राचा पहिला नामांकित दाखला तयार झाला, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

मुंबईचा अनुभव याहून वेगळा नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील प्लेगचे निदान मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी केले. तेथे व्यवसाय करणाऱ्या या वैद्याच्या नजरेने जे टिपले त्याला कोणत्याही विशेष पदवीचा आधार नव्हता. साथीचा सामना करण्यासाठी त्याच वर्षी मुंबईत आलेले वाल्डेमार हाफकिन तर वैद्यच नव्हते. ओडेसा येथे त्यांनी प्राणिशास्त्राचे अध्ययन केले होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःला प्लेगची लस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात लस घेतलेले कैदी आणि न घेतलेले कैदी यांची तुलना करण्यात आली. दोन गट, एकच जागा, एकच अन्न आणि एकच साथ : आजच्या पद्धतिशास्त्राच्या बीजाचे दर्शन तेथे घडते. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे लस घेतलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. त्या प्रकरणी हाफकिन यांना पद गमवावे लागले आणि १९०७ मध्ये ते दोषमुक्त ठरले. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकाऱ्यांना हा वैद्यकेतर परदेशी संशोधक आपला वाटला नाही, ही बाब या प्रकरणात दुर्लक्षिण्यासारखी नाही. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले.

भायखळ्यासारख्या प्रयोगातून निघणाऱ्या आकड्यांचा अर्थ कसा लावावयाचा, हा प्रश्न मात्र लस शोधणाऱ्याच्या कक्षेबाहेरचा होता. लस घेणारे आणि न घेणारे मुळातच सारखे नसतील तर काय? १९१५ मध्ये मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल यांनी विषमज्वर व पटकी यांवरील लसींच्या आकडेवारीची चर्चा करताना नेमका हाच मुद्दा उपस्थित केला. तेथून पुढे या शास्त्राला शिस्तबद्ध शिक्षणाची आवश्यकता भासू लागली आणि पहिले द्वार उभे राहिले.

२. बाल्टिमोर : एक द्वार, दोन पदव्या

हे द्वार अमेरिकेत बांधले गेले. रॉकफेलर यांच्या धर्मादाय निधीने दक्षिणेकडील राज्यांत अंकुशकृमीविरुद्ध मोहीम चालविली होती. त्या मोहिमेच्या अनुभवावरून आरोग्याधिकारी शिकवून तयार करावे लागतात, ते आपोआप निर्माण होत नाहीत, असे विक्लिफ रोझ यांचे मत बनले. दुसरीकडे विल्यम हेन्री वेल्च यांच्या मनात म्युनिकच्या पेटेनकोफर यांच्या संस्थेसारखी, जर्मन वळणाची संशोधनसंस्था होती. १९१५ साली या दोघांच्या नावे जो अहवाल सिद्ध झाला त्यात या दोन दृष्टींची तडजोड आढळते : एकाला अधिकारी हवे होते, दुसऱ्याला संशोधक. हार्वर्ड, कोलंबिया, पेनसिल्व्हेनिया आणि जॉन्स हॉपकिन्स यांचा विचार होऊन १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सची निवड झाली आणि ऑक्टोबर १९१८ मध्ये, इन्फ्लुएन्झाची महासाथ ऐन भरात असताना, हे विद्यालय सुरू झाले.

या विद्यालयाने सुरुवातीसच दोन डॉक्टरपदव्या ठेवल्या. सार्वजनिक आरोग्याची डॉक्टरपदवी मुख्यतः वैद्यक पदवीधरांसाठी होती. आरोग्यविज्ञानातील ‘डॉक्टर ऑफ सायन्स’ ही पदवी विज्ञानाच्या इतर पदवीधरांना खुली होती. आज सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणात व्यवसायाभिमुख डॉक्टरेट आणि संशोधनाभिमुख पीएच्. डी. असा जो भेद केला जातो, त्याचे मूळ या तडजोडीशी जोडता येते. अर्जदाराला आज जो पहिला प्रश्न विचारला जातो, की तुम्हांला साथींचा कारभार पाहावयाचा आहे की त्यांचे संशोधन करावयाचे आहे, तो वस्तुतः रोझ आणि वेल्च यांच्यातील प्रश्न होय. दुसऱ्या पदवीचे द्वार स्त्रियांनाही खुले होते. मार्गारेट मेरेल यांनी १९३० मध्ये ती मिळविली. त्यांनी लोवेल रीड यांच्यासमवेत मांडलेली आयुर्मान-सारणी तयार करण्याची पद्धती पुढे सर्वत्र वापरली गेली.

साथरोगशास्त्राचे अध्यापन वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट यांच्याकडे आले. ते व्हर्जिनिया विद्यापीठाचे वैद्यक पदवीधर आणि अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील अधिकारी. १९०५ सालच्या न्यू ऑर्लिन्समधील पीतज्वराच्या साथीत त्यांनी काम केले होते. साथरोगशास्त्राची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, कारण ती कोणापाशीच नव्हती. परंतु त्यांची अध्यापनपद्धती लक्षणीय होती. ते विद्यार्थ्यांपुढे सिद्धान्त ठेवण्याऐवजी प्रत्यक्ष घडलेल्या एखाद्या साथीचे कोष्टक ठेवीत आणि त्यावरून तर्क करावयास लावीत. स्नो यांचे विस्मरणात जाऊ लागलेले ग्रंथ १९३६ मध्ये त्यांच्याच प्रयत्नाने पुनर्मुद्रित झाले. इतिहासातील साथ ही त्यांच्या वर्गात प्रयोगशाळेच्या ठिकाणी होती.

येथे एका गोष्टीचा विशेष उल्लेख करावयास हवा. या काळात परदेशी विद्यार्थी बाल्टिमोरला जात तो प्रायः रॉकफेलर शिष्यवृत्तीवर, आणि या शिष्यवृत्तीसाठी आजच्या अर्थाने कोणी स्वतः होऊन अर्ज करीत नसे. त्याचे नाव सरकारने अथवा संस्थेने सुचवावे लागे आणि परतल्यानंतर त्याला योग्य जागा दिली जाईल अशी हमीही अपेक्षित असे. या व्यवस्थेचा एक लाभ निश्चित होता : शिकलेला मनुष्य आपल्या देशाच्या कामी येई. परंतु ज्याच्या पाठीशी सरकारी खाते नाही, ज्याच्या प्रश्नात अधिकाऱ्यांना रस नाही, त्याला हे द्वार दिसतही नसे. पारतंत्र्यातील भारतात याचा अर्थ काय होत असेल, हे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

३. लंडन : शिष्यत्वाची वाट

लंडनचे आरोग्यविज्ञान व उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालय रॉकफेलर यांच्याच निधीतून उभे राहिले आणि केपेल स्ट्रीटवरील त्याच्या वास्तूचे १९२९ मध्ये उद्घाटन झाले. साथरोगशास्त्र व जीवनविषयक सांख्यिकी यांचे पहिले प्राध्यापकपद मेजर ग्रीनवुड यांच्याकडे होते. (‘मेजर’ हे त्यांचे नाव होते, सैन्यातील हुद्दा नव्हे.) वैद्यकाची पात्रता मिळविल्यावर ते कार्ल पिअर्सन यांच्याकडे सांख्यिकी शिकावयास गेले. त्यांच्या भोवती जमलेल्या मंडळींचा प्रवेश विद्यालयाच्या अर्जापेक्षा गुरूच्या पारखीवर अधिक अवलंबून होता.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचे होय. त्यांना वैद्य व्हावयाचे होते. पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून गेले असता १९१७ मध्ये त्यांना क्षयाने गाठले आणि ती आशा संपली. अंथरुणाशी खिळलेल्या अवस्थेत त्यांनी पत्रद्वारा अभ्यास करून लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी १९२२ मध्ये मिळविली. हिल यांचे वडील शरीरशास्त्रज्ञ होते आणि ग्रीनवुड त्यांच्यापाशी काम केलेले. या परिचयातून हिल यांना वैद्यक संशोधन मंडळाचे अनुदान मिळाले आणि पिअर्सन यांची व्याख्याने ऐकत त्यांनी सांख्यिकी आत्मसात केली. पुढील इतिहास सर्वज्ञात आहे : १९३७ चा वैद्यकीय सांख्यिकीवरील ग्रंथ, १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेली क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी, आणि १९५० मध्ये रिचर्ड डॉल यांच्यासह धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांच्या संबंधावर लिहिलेला निबंध. वैद्यकाची पदवी नसलेल्या एका अर्थशास्त्राच्या पदवीधराने वैद्यांना औषधांची परीक्षा कशी घ्यावी हे शिकविले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

मात्र या कथेची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हिल यांना जे लाभले ते योग्यतेमुळे लाभले, तसेच वडिलांच्या परिचयामुळेही लाभले. शिष्यत्वाच्या वाटेवर ओळख हीच शिफारस ठरते. आणि योग्यता असूनही वाट कशी खुंटते याचे उदाहरण म्हणजे जॅनेट लेन-क्लेपॉन. १९१२ मध्ये त्यांनी बर्लिनमधील स्तनपानावर वाढलेल्या व गायीच्या उकळलेल्या दुधावर वाढलेल्या बालकांच्या वजनांची तुलना केली, आणि १९२६ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया व तसा रोग नसलेल्या स्त्रिया यांच्या पूर्वायुष्याची पद्धतशीर तुलना प्रसिद्ध केली. आज ज्या दोन रचना या शास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकाव्या लागतात, त्या दोहोंचे आद्य नमुने त्यांच्या लेखणीतून उतरले. १९२९ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि विवाहित स्त्रीला सरकारी नोकरीत स्थान नाही या तत्कालीन नियमाने त्यांचे संशोधन थांबले.

अमेरिकेतील जेरोम कॉर्नफील्ड यांचे उदाहरण या संदर्भात नोंदविण्याजोगे आहे. इतिहासाच्या अभ्यासकांना तर ते विशेष रुचेल. न्यूयॉर्क विद्यापीठातून १९३३ मध्ये त्यांनी पदवी घेतली ती इतिहास विषयात. त्यानंतर त्यांनी कोणतीही उच्च पदवी घेतली नाही. सरकारी नोकरीत असताना ते सांख्यिकी शिकले. १९५१ मध्ये त्यांनी असे दाखवून दिले की, रुग्ण आणि निरोगी यांच्या पूर्वेतिहासाच्या तुलनेवरूनही, रोग विरळ असल्यास, धोक्याच्या प्रमाणाचा अंदाज करता येतो. १९५८ मध्ये जॉन्स हॉपकिन्सने त्यांना जैवसांख्यिकी विभागाचे प्रमुखपद दिले. ज्या विद्यालयाच्या डॉक्टरपदवीसाठी त्यांचा अर्ज कदाचित छाननीतच बाजूस पडला असता, तेथे ते विभागप्रमुख म्हणून गेले.

४. भारत : वैद्यकाच्या अंगणात

भारतात या शिक्षणाचे पहिले मोठे केंद्र म्हणजे कलकत्त्याची अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था. तीही रॉकफेलर निधीच्या साहाय्याने १९३२ च्या अखेरीस सुरू झाली. तेथील मुख्य शिक्षणक्रम वैद्यक पदवीधरांना आरोग्याधिकारी बनविणाऱ्या पदविकेचा होता. परंतु त्या संस्थेतही वैद्यकेतर विद्वानाची गरज भासली. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सांख्यिकीचे संशोधन करून परतल्यावर काही काळ याच संस्थेत जैवसांख्यिकीचे प्राध्यापक होते. पुढे ते कृषिसांख्यिकीकडे वळले, आणि कालांतराने संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत भूक व पोषण यांच्या मोजमापाचा प्रश्न त्यांनी हाताळला.

१९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालाने प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाला वैद्यकीय महाविद्यालयात स्थान देण्याचा आग्रह धरला. त्यामुळे विषयाला प्रतिष्ठा मिळाली; परंतु त्याबरोबरच साथरोगशास्त्र हे वैद्यकाच्या अंगणातील एक दालन आहे, अशी समजूतही दृढ झाली. या दालनात शिरण्यासाठी आधी वैद्यकाचे महाद्वार ओलांडावे लागे. १९७० नंतरच्या दशकात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात देबाबर बॅनर्जी यांच्या पुढाकाराने सामाजिक वैद्यक व सामुदायिक आरोग्य केंद्र निघाले आणि तेथे वैद्य व समाजशास्त्रांचे पदवीधर एकत्र संशोधन करू लागले. चेन्नईची राष्ट्रीय साथरोगविज्ञान संस्था १९९९ मध्ये स्थापन झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच्. डी. नियमावलीनुसार पदव्युत्तर पदवीधरांप्रमाणेच चार वर्षांची पदवी उत्तम गुणांनी पूर्ण केलेल्यांनाही अर्ज करण्याची मुभा मिळाली. नियमांचे द्वार रुंदावले आहे. मनातील द्वार तितकेसे रुंदावले आहे असे म्हणता येत नाही.

खरे तर ‘साथरोगशास्त्र’ हे मराठी नावच आता अपुरे पडू लागले आहे. १९६३ मध्ये मुंबईत कर्करोगाची जी लोकसंख्याधिष्ठित नोंदवही सुरू झाली, ती भारतातील पहिली. कर्करोगाची ‘साथ’ येत नाही. तरीही कोणत्या समाजात, कोणत्या वयात, कोणत्या सवयींसह तो अधिक आढळतो, हे पाहण्याची दृष्टी तीच आहे. विषयाची व्याप्ती रोगजंतूंपलीकडे गेली तेव्हाच तो केवळ वैद्यांचा राहिला नाही.

५. आजचा अर्ज

आज या विषयाच्या डॉक्टरेटसाठी अर्ज करण्याच्या दोन प्रमुख परंपरा दिसतात आणि त्या दोन्ही वर सांगितलेल्या इतिहासाशी सुसंगत आहेत. अमेरिकन परंपरेत अर्ज विभागाकडे जातो. गुणपत्रके, तीन शिफारसपत्रे आणि हेतुनिवेदन यांवर निवड होते. मग एक-दोन वर्षे वर्ग, त्यानंतर पात्रता-परीक्षा, आणि त्यानंतर प्रबंध. ही बाल्टिमोरच्या विद्यालयाची रीत होय. ब्रिटिश परंपरेत बहुधा प्रथम मार्गदर्शक शोधावा लागतो आणि संशोधनाचा आराखडा आधीच सादर करावा लागतो. ही ग्रीनवुड यांच्या शिष्यत्वाची वाट होय. पहिली विचारते, तुमची तयारी किती. दुसरी विचारते, तुमचा प्रश्न कोणता. भारतीय विद्यापीठे प्रवेश-परीक्षा आणि मुलाखत यांच्या द्वारे दोन्ही प्रश्न एकाच वेळी विचारू पाहतात.

नामनिर्देशनाच्या जागी वैयक्तिक अर्ज आला, ही प्रगती निःसंशय आहे. सरकारी खात्याच्या कृपेवाचून नांदेडचा अथवा सावंतवाडीचा विद्यार्थी आज आपले नाव स्वतः पुढे करू शकतो. तथापि अडसर नाहीसे झाले नाहीत, त्यांनी रूप बदलले. अर्जाचे शुल्क, इंग्रजीची परीक्षा आणि नामांकित व्यक्तीचे शिफारसपत्र यांनी जुन्या नामनिर्देशनाची जागा काही अंशी घेतली आहे. अमेरिकेत १९३६ पासून चालत आलेली पदव्युत्तर प्रवेशाची सामायिक परीक्षा २०२० च्या सुमारास अनेक सार्वजनिक आरोग्य विद्यालयांनी ऐच्छिक केली अथवा वगळली. समान कसोटी म्हणून आणलेली परीक्षा सर्वांना समान नव्हती, या जाणिवेचा त्या निर्णयात मोठा वाटा होता.

या इतिहासावरून एक निष्कर्ष काढावयास हरकत नाही. प्रत्येक पिढीत या शास्त्राला नवी पद्धती मिळाली ती बहुशः उंबरठ्याबाहेरून आलेल्या माणसाकडून : नोंदणी-कार्यालयातून, प्राणिशास्त्रातून, अर्थशास्त्रातून, इतिहासातून. आपल्या प्रांतातील जुन्या ग्रामनोंदींत मृत्यूचे कारण म्हणून वारंवार ‘ताप’ एवढेच लिहिलेले आढळते. त्या एका शब्दाखाली हिवताप, विषमज्वर, प्लेग, इन्फ्लुएन्झा आणि इतर किती व्याधी दडल्या असतील, हे वैद्याला ठाऊक असते. त्या नोंदी कोणी, कोणत्या हेतूने आणि कशा लिहिल्या हे इतिहासकाराला. आणि त्यांतून किती निष्कर्ष काढता येईल हे सांख्यिकाला. तिघांपैकी एकाचाच अर्ज स्वीकारणारे विद्यालय त्या नोंदीचा एकतृतीयांशच अर्थ लावू शकेल. म्हणून वैद्यकेतर पदवीधराने हेतुनिवेदन लिहिताना आपल्या मूळ विषयाविषयी क्षमायाचनेचा सूर लावण्याचे कारण नाही. त्या विषयाने आपल्याला कोणता प्रश्न विचारावयास शिकविले, हे त्याने स्पष्ट मांडावे. आणि छाननी करणाऱ्या समित्यांनीही, आपल्या नियमांच्या कसोटीवर हिल आणि कॉर्नफील्ड उतरले असते काय, असा प्रश्न स्वतःस अधूनमधून विचारीत जावे. उत्तर नकारार्थी आले तर दोष त्या दोघांचा नाही, कसोटीचा आहे.